परसदारी बैठकीची जागा करताना: आराखडा, अंदाजपत्रक आणि ठेकेदार

बंगला, रो-हाउस किंवा गावाकडचे घर यांच्या मागच्या दाराबाहेर जी पंधरा-वीस फुटांची जागा उरते, तिच्यात बहुधा धुण्याचा दगड, कपडे वाळत घालायची दोरी, ड्रेनेजचे चेंबर, बोअरची मोटर आणि कधी काळी उरलेल्या फरश्यांचा ढीग असतो. त्याच जागेत सावलीची बैठक, जेवायला टेबल, एखादी चूल किंवा शेगडी आणि दोन झाडे असावीत असे बऱ्याच घरांत मनात असते, आणि मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीला बोलावून "इथं फरशी टाका, वर पत्रा घाला" एवढ्या दोन वाक्यांवर काम सुरू होते. मिस्त्रीला फोन करण्याआधी काय करावे आणि केल्यानंतर कशाकडे लक्ष ठेवावे, ते इथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणासाठी देशावरच्या, म्हणजे पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातल्या घरामागचा २० फूट लांब आणि १२ फूट रुंद, एकूण २४० चौरस फुटांचा तुकडा धरला आहे. कोकणात पाऊस याच्या तिप्पट-चौपट पडतो आणि हाताशी जांभा असतो. तो फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगेन.

आधी एक पावसाळा पाहावा

शक्य असेल तर कामाचा निर्णय पावसाळ्याआधी घ्यावा, पण काम पावसाळ्यानंतर सुरू करावे. मधल्या चार महिन्यांत छत्री घेऊन मागच्या दारात उभे राहावे आणि तीन गोष्टी टिपाव्यात: पाणी कुठून येते, कुठे साचते आणि पाऊस थांबल्यावर किती वेळाने ओसरते. शेजारच्या गच्चीचा पाइप आपल्या कुंपणाशी मोकळा सोडलेला आहे का, हे कळायला जुलैमधला एक जोरदार पाऊस पुरतो. डिसेंबरात कितीही निरखून पाहिले तरी ते कळत नाही. जिथपर्यंत पाणी चढते तिथे भिंतीवर खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खूण करावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण ठेकेदाराशी पुढे जो पहिला वाद होतो तो ढाळाचाच असतो. पावसाळा हुकलाच असेल, तर नळीने अर्धा तास पाणी सोडून पाहावे. त्यातूनही निम्मे चित्र स्पष्ट होते.

पाण्याचा अंदाज आकड्यात मांडला की त्याचे वजन कळते. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २४० चौरस फुटांच्या छपरावरून सुमारे १,१०० लिटर पाणी खाली येते. गच्चीवरची हजार लिटरची टाकी तासाभरात परसात उपडी करावी, तसे हे आहे. ते पाणी पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून गटारीत, शोषखड्ड्यात किंवा साठवणीच्या टाकीत जाण्याची वाट आराखड्यात नसेल, तर ते स्वतःची वाट शोधते, आणि ती बहुतेक वेळा घराच्या जोत्याकडे असते.

दुसरे पाहायचे ते ऊन. परस घराच्या उत्तरेला असेल तर हिवाळ्यात तिथे ऊन फारसे उतरत नाही: पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे २० फूट उंचीचे घर उत्तरेला सुमारे १८ फूट सावली टाकते, म्हणजे आपला १२ फुटांचा तुकडा पूर्ण सावलीत जातो. परस पश्चिमेला असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीन ते सहा या वेळात तिथे पाय ठेववत नाही, आणि वरचे छप्पर या तिरप्या उन्हाला अडवू शकत नाही. त्यासाठी पश्चिमेच्या कडेला उभी आड हवी, मग ती वेल असो, बांबूचा तट्ट्या असो की जाळीची भिंत.

तिसरे, जमिनीखाली काय आहे ते कागदावर काढावे. चेंबर, सेप्टिक टँक, नळाची लाइन, बोअर, विजेची केबल यांची जागा भिंतीपासूनच्या अंतरांसह लिहून ठेवावी. आमच्या घरी हे केले नव्हते. गवंड्याने कोटा फरशी अगदी सफाईदार लावली आणि तिच्याखाली ड्रेनेजचे चेंबर गडप झाले. दोन वर्षांनी मोरी तुंबली, तेव्हा ते नेमके कुठे आहे हे घरात कोणालाच सांगता आले नाही, आणि चौथी फरशी फोडल्यावर झाकण सापडले. चेंबरवर फरशी लावायचीच असेल तर खाचेचे झाकण करून त्यात तीच फरशी बसवता येते. ते काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण ते आधी सांगावे लागते.

जागेचा उपयोग आणि माप

घरात कोण, कोणत्या वेळी, किती जण बसणार हे ठरल्याशिवाय माप ठरत नाही. सहा माणसांचे टेबल ५ फूट बाय ३ फूट असले, तरी खुर्च्या मागे सरकवून माणसाला मागून जाता यावे म्हणून चारी बाजूंना तीन-तीन फूट लागतात, म्हणजे जेवणाच्या जागेलाच ११ बाय ९ फूट गेले. धुण्याचा दगड आणि दोरी परसातच राहणार असतील, आणि बहुतेक घरांत त्या राहतातच, तर त्यांना एका कडेला हक्काची जागा द्यावी. छायाचित्रात दिसणाऱ्या परसात कपडे वाळत नसतात, म्हणून आराखडा करताना दोरीचा विसर पडतो आणि महिन्याभरात नव्या खांबांना दोऱ्या बांधल्या जातात. उन्हाळ्यातल्या कुरडया-पापडांच्या वाळवणाला छप्पर नसलेला एक तुकडा सोडावा.

मग फक्कीने किंवा रांगोळीने जमिनीवर रेघा आखाव्यात, त्यात घरातल्याच खुर्च्या आणून ठेवाव्यात आणि दोन संध्याकाळी प्रत्यक्ष बसून पाहावे. हे पोरखेळासारखे वाटेल, पण कागदावर ऐसपैस दिसणारी जागा रेघांत बसल्यावर आखडते, आणि खांब चालण्याच्या वाटेत येतोय हे तिथेच लक्षात येते. रेघा पुसायला काही पैसे पडत नाहीत.

परवानगी

घर आणि कुंपण यांच्यामधली मोकळी जागा हे बहुतेक ठिकाणी सामासिक अंतर असते आणि ते मोकळे ठेवण्याच्या अटीवरच घराचा नकाशा मंजूर झालेला असतो. मुंबई वगळता राज्याच्या मोठ्या भागाला २०२० मध्ये आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे; मुंबईची नियमावली वेगळी आहे. जमिनीलगतची फरशी, झाडांचे वाफे, सुटी बाके यांना सहसा अडचण येत नाही. खांब रोवून कायमचे छप्पर टाकले की मात्र ते बांधकाम ठरू शकते, आणि विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस येऊ शकते. त्यामुळे मंजूर नकाशाची प्रत घेऊन ज्या वास्तुविशारदाने तो सादर केला होता त्याला किंवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला आधी विचारावे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि सोसायटीच्या रो-हाउसमध्ये तिथली लेखी संमतीही घ्यावी. "सगळ्यांनीच केलंय" हे उत्तर नोटिशीला चालत नाही, आणि नोटीस येते ती बहुधा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून. छपराचे पाणी त्याच्या हद्दीत पडणार नाही एवढे सांभाळले तरी तक्रारीचे निम्मे कारण जाते.

झाड आड येत असेल तर ते तोडण्याचा विचार शेवटी करावा. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि आंब्याखालच्या सावलीची बरोबरी कोणतेही छप्पर करत नाही.

अंदाजपत्रक

बहुतेक लोक चौरस फुटाचा दर विचारतात आणि त्याला क्षेत्रफळाने गुणतात. मला ही पद्धत फसवी वाटते, कारण त्या एका दरात खाली किती इंच काँक्रीट आहे आणि वर किती जाडीचा पाइप आहे हे दडलेले असते. त्यापेक्षा आधी परिमाणे काढावीत आणि मग आपल्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणि क्रशरवरून त्या आठवड्याचे भाव घ्यावेत.

आपल्या २४० चौरस फुटांना ९ इंच दगडी सोलिंग, म्हणजे काँक्रीटखालचा दगडांचा थर, धरला तर १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास दगड लागतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यावर ४ इंच काँक्रीट म्हणजे ८० घनफूट. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी या प्रमाणाने त्याला साधारण साडेचौदा, म्हणजे नासधूस धरून पंधरा-सोळा पोती सिमेंट, ३५ घनफूट वाळू किंवा क्रश सँड आणि ७० घनफूट खडी लागते. फरशी कापण्यात आणि फुटण्यात जाते म्हणून १० टक्के जादा, म्हणजे २६४ चौरस फूट घ्यावी. हा कागद हातात असला की ठेकेदाराने "सिमेंट तीस पोती लागेल" म्हटल्यावर कशासाठी, एवढे विचारता येते. त्याचे उत्तर योग्यही असू शकते: फरशीखालचा माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण), पायऱ्या, कट्टा यांना वेगळे सिमेंट लागतेच.

एकूण रकमेची वाटणी कशी करावी, याचा माझा ठोकताळा सांगतो. समजा हाताशी ४ लाख रुपये आहेत. त्यातले १५ टक्के, म्हणजे ६० हजार, आधीच बाजूला काढावेत आणि ते आहेत हे ठेकेदाराला सांगू नये. उरलेल्या ३ लाख ४० हजारांतले ८० हजार खोदाई, भराव, सोलिंग, काँक्रीट आणि पाण्याचा निचरा यांना, ६० हजार फरशीला, १ लाख १० हजार छपराला, ४० हजार वीज आणि नळकामाला, आणि ५० हजार बाक, कट्टा, शेगडीची जागा आणि झाडे यांना ठेवावेत. हे बाजारभाव नाहीत. कोणत्या भागाला किती वजन द्यावे एवढेच यातून दिसते. पैसे कमी पडले तर छप्पर पुढच्या वर्षावर ढकलावे, पण खांबांचे पाये, फरशीखालचे पाइप आणि निचरा आत्ताच करून घ्यावा, कारण तेवढ्यासाठी तयार फरशी पुन्हा फोडणे परवडत नाही.

अंदाजपत्रकात हमखास सुटणाऱ्या बाबी वेगळ्या आहेत. ट्रक घराच्या मागे जात नाही, त्यामुळे रस्त्यावर उतरवलेली खडी आणि फरशी बाजूच्या तीन फुटी बोळातून घमेल्याने डोक्यावरून न्यावी लागते आणि त्याची मजुरी लागते. निघालेली माती आणि राडारोडा उचलायला ट्रॅक्टर लागतो. उन्हाळ्यात काम असेल तर काँक्रीटवर मारायच्या पाण्यासाठी टँकर लागू शकतो. शिवाय ठेकेदार बिल देणारा असेल तर त्याचा आकडा १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून आहे, हे पहिल्या भेटीतच विचारावे.

साहित्याची निवड

जमिनीपासून सुरुवात करू. मराठवाडा, विदर्भ आणि देशावरच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेली फरशी दुसऱ्या वर्षी उचलते. ती माती किमान दीड-दोन फूट काढून मुरूम भरावा, सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावी, म्हणजे तो ठोकून घट्ट बसवावा, आणि मगच सोलिंग करावे. हे काम झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पैसे वाचवायला पहिली कात्री इथेच लागते. मुरूम भरला जाईल त्या दिवशी घरातल्या कोणीतरी सुट्टी काढून तिथे उभे राहावे. फरशी लावण्याच्या दिवशी नसले तरी चालेल.

फरशीत शहाबादी स्वस्त आणि खडबडीत असते, पण तिच्या जाडीत फरक असतो आणि काही तुकड्यांचे पापुद्रे सुटतात. कोटा टिकाऊ आहे. मात्र पॉलिश केलेला कोटा ओला झाला की माणूस घसरतो, म्हणून बाहेर खडबडीतच घ्यावा. कडप्पा काळा असल्यामुळे मे महिन्यात अनवाणी पायांना चटके देतो. तो कट्ट्यावर ठीक. चिनी मातीच्या टाइल्स घ्यायच्याच असतील तर पाय न घसरणाऱ्या, पार्किंगच्या जातीच्या घ्याव्यात. मला स्वतःला नवख्या माणसासाठी ६० मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक पसंत आहेत: खाली काँक्रीट न टाकता ठोकलेल्या खडीवर आणि वाळूच्या थरावर ते बसतात, फटींतून थोडे पाणी मुरते, आणि पाइप दुरुस्तीसाठी चार ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. त्यांना कडेने पक्की पट्टी मात्र हवी, नाहीतर ते वर्षभरात सरकू लागतात. कोकणात जांभ्याची फरशी देखणी दिसते, पण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि ती दर आठवड्याला घासावी लागते.

छपरासाठी सध्या आडव्या पट्ट्यांच्या उघड्या पेर्गोलाची मागणी फार आहे. तो छायाचित्रात छान दिसतो, एप्रिलमध्ये पट्ट्यापट्ट्यांची सावली देतो आणि जूनमध्ये काहीच देत नाही. वर वेल चढवायचा असेल तरच तो घ्यावा. रंगीत पत्रा स्वस्त आणि हलका पडतो, पावसात वाजतो, आणि वळवाच्या वाऱ्यात उचलला जाण्याची भीती त्यालाच जास्त असते. म्हणून पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरसह असावेत आणि खांब नुसत्या फरशीवर न ठोकता अडीच-तीन फूट खोल काँक्रीटच्या पायात असावेत. मंगलोरी कौले खाली गारवा ठेवतात, पण त्यांना उतार भरपूर लागतो आणि सांगाडाही भारी लागतो.

सांगाड्याच्या लोखंडी पाइपाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ५० बाय ५० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाची भिंत २ मिलिमीटर जाड असेल, तर ६ मीटरची एक लांबी साधारण १८ किलो भरते, भिंत १.६ मिलिमीटर असेल तर तीच लांबी साडेचौदा किलोच्या आसपास येते. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी सांगाडा करणारा, किलोवर दर देत असेल तर पातळ पाइपात तुमचे पैसे वाचतात आणि छप्पर कमजोर होते. चौरस फुटावर दर देत असेल तर पैसे त्याचे वाचतात आणि छप्पर तरीही कमजोर होते. म्हणून जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्यावी आणि माल आल्यावर एक लांबी त्याच्याच वजनकाट्यावर ठेवायला सांगावी. चांगला फॅब्रिकेटर याचा राग मानत नाही.

विजेची वायर काँक्रीटच्या आधी पाइपातून टाकावी, आणि तिच्या शेजारी एक मोकळा पाइपही दोन्ही टोके बुच लावून पुरून ठेवावा. पुढे पंखा, पंप किंवा कॅमेरा लावताना तो कामी येतो. बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचे गळती-प्रवाह तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, आणि नीट अर्थिंग हवेच. दिवे आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पावसाचे पाणी आत न जाणारे, घ्यावेत.

ठेकेदार निवडताना

अशा कामाला दोन प्रकारची माणसे मिळतात. एक, मजुरीवर काम करणारा मिस्त्री, जो गवंडी आणि बिगारी आणतो आणि साहित्य तुम्ही आणायचे. दोन, साहित्यासह काम घेणारा ठेकेदार. पहिल्यात थोडे पैसे वाचतात, पण सकाळी आठला "दोन पोती सिमेंट कमी पडलंय" असा फोन येतो आणि तुमच्याकडे धावपळीला वेळ नसेल तर गवंडी दिवसभर बसून राहतो. नोकरी करणाऱ्याने साहित्यासह काम द्यावे आणि सिमेंट, फरशी, पाइप यांचे प्रकार लेखी ठरवावेत, असे माझे मत आहे. रोजंदारीवर मात्र संपूर्ण काम देऊ नये. ते संपत नाही.

नावे मिळवायला सर्वांत चांगली जागा म्हणजे परिसरातले हार्डवेअरचे दुकान. कोणाची उधारी थकलेली आहे, कोण काम अर्धवट टाकून दुसरीकडे जातो, हे दुकानदाराला पक्के माहीत असते. तो उघड सांगणार नाही, पण तीन नावे विचारल्यावर तो कोणते नाव घेत नाही यावरून कळते. निवडलेल्या प्रत्येकाचे किमान दोन पावसाळे झेललेले एक काम पाहावे. कालच झालेले काम सगळ्यांचेच चांगले दिसते. त्या घरमालकाला एवढेच विचारावे की काम संपल्यावर काही बिघडले तेव्हा हा माणूस आला का, आणि किती दिवसांनी आला.

तिघांकडून कोटेशन घ्यावे, पण तिघांना तोच कागद द्यावा: माप, थरांची जाडी, फरशीचा प्रकार, पाइपाची जाडी, राडारोडा कोण उचलणार. कागद वेगळे असले तर आकड्यांची तुलना होत नाही. सर्वांत कमी आकडा आला तर त्याला ओळीओळीने विचारावे. बहुतेक वेळा त्यातून सोलिंग किंवा निचरा वगळलेला निघतो.

करार दोन पानांचा असला तरी लेखी असावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना शंभरऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. त्यात कामाची यादी, रक्कम, कर, सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख, मजुराला दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि हप्ते एवढे असले तरी पुरे. हप्ते तारखेला न बांधता कामाच्या टप्प्याला बांधावेत: सुरुवातीला १० टक्के, काँक्रीट आणि निचरा झाल्यावर २५, छपराचा सांगाडा उभा राहिल्यावर २५, फरशी झाल्यावर २०, रंग-वीज-सफाई झाल्यावर १० आणि राखीव १०. ठेकेदार यावर म्हणेल की पोरांना दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते, आणि ते खरे आहे. मजुरांचा पगार आठवडी बाजाराच्या दिवशीच व्हावा लागतो. त्यावर तोडगा असा की आठवड्याची खर्ची लहान रकमेत द्यावी आणि ती चालू टप्प्यातून वळती करावी. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत आणि नोंद ठेवावी. पुढे प्रकरण बिघडले आणि तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे न्यायची झाली तर हीच नोंद उपयोगी पडते. तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क पडत नाही.

काम चालू असताना

दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवण्याचा बेत चांगला. दिवाळी, होळी आणि गावच्या जत्रेला मजूर गावी जातात आणि चार दिवसांचे बारा दिवस होतात, हे वेळापत्रकात आधीच धरावे.

ढाळाची तपासणी आपण स्वतः करू शकतो. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल पाइप असतो. त्यात पाणी भरून एक टोक घराच्या भिंतीला आणि दुसरे कुंपणाला धरले की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत येते. तिथे खुणा कराव्यात आणि खुणेपासून खाली फरशीपर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना मोजावे. १२ फुटांच्या रुंदीत घरापासून कुंपणाकडे पावणेदोन ते दोन इंचांचा उतार हवा. हे काँक्रीटच्या वेळीच पाहावे, आणि फरशीचा माल पसरण्याआधी एक बादली पाणी ओतून ते कुठे धावते तेही पाहावे. काँक्रीट झाल्यावर त्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवावे. दुकानात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा लागतो. "सकाळ-संध्याकाळ मारतोय की पाणी" या उत्तरावर विसंबू नये. फरशी लागल्यावर चार दिवसांनी प्रत्येक तुकड्यावर नाण्याने ठोकावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली माल नाही, आणि ती फरशी आत्ताच काढून घ्यावी.

अंदाजपत्रक सर्वांत जास्त वाढते ते मात्र गवंड्याच्या एका गोड वाक्याने: "काका, एवढी भिंत पण उचलून घेऊ का आत्ताच, परत कशाला फोडायची?" प्रस्ताव बहुधा चुकीचा नसतो, पण त्याला दर नसतो. एक साधी वही कामावर ठेवावी, प्रत्येक वाढीव काम तारीख, माप आणि रकमेसह तिच्यात लिहावे, दोघांनी सही करावी आणि मगच हो म्हणावे. बाजूला ठेवलेले ६० हजार याच वहीतून जातात, आणि वही असली तर ते कुठे गेले हे सांगता येते.

राखीव १० टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत ठेवायचे असतात, आणि हे करारात त्याच शब्दांत लिहिलेले असावे, नाहीतर मार्चमध्येच त्यासाठी फेऱ्या सुरू होतात. मृगाचा किंवा त्यानंतरचा पहिला दणदणीत पाऊस झाला की ठेकेदाराला बोलावून घ्यावे, मागच्या वर्षी भिंतीवर केलेली खूण दाखवावी आणि दोघांनी मिळून पन्हळीचे सांधे, पत्र्याचे स्क्रू, खांबांच्या बुडाशी साचणारे पाणी आणि घराच्या भिंतीलगतची कड पाहावी. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने फरशीवर कुठे डबके उरले असेल, तर त्याभोवती खडूने गोल काढावा. तेवढ्या फरश्या उचलून पुन्हा लावून झाल्या की त्याच दिवशी उरलेली रक्कम चुकती करावी.